बावचीचं तेल फेकू नका

बावचीच्या बियांवर काम करायला येणारा दर दुसरा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात एक चूक करतो. तीच चूक मीही केली होती, म्हणून सुरुवात तिथूनच. वनस्पतीचा अर्क काढायचा तर आधी भुकटीतलं तेल काढून टाकायचं, असं बहुतेक प्रॅक्टिकलच्या वह्यांत लिहिलेलं असतं. हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथर घालायचं, मेद उतरला की ते द्रावक वेस्टच्या कॅनमध्ये ओतायचं आणि उरलेल्या चोथ्यावर इथेनॉल घालायचं. पुष्कळ बियांना हे चालूनही जातं. बावचीत मात्र ज्याच्या शोधात आपण आलेलो असतो ते बाकुचिऑल, जंतूंना रोखणारं रसायन, त्या तेलाबरोबरच निघून जातं. मी चोथ्याचा अर्क चार जंतूंवर लावून पाहिला, पुसट काहीतरी मिळालं, त्यावर दोन पानं खरडली, आणि खरा माल तीन आठवडे टेबलाखालच्या कॅनमध्ये पडून होता.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. प्लेटा ओतणं, कल्चर जिवंत ठेवणं, आणि मुलांचे आकडे खरे आहेत की हौसेचे हे बघणं, हे माझं रोजचं काम. खाली जे लिहिलंय ते प्रयोगशाळेतल्या माणसासाठी आहे. बावची पोटात घ्यायला किंवा अंगाला लावायला सांगणारा हा मजकूर नाही. ती खाऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

अंगाला लागण्याचंही सांगते. या बियांत सोरालेन आणि त्याचं भावंड अँजेलिसिन असतं. ही दोन्ही फ्युरानोकुमरिन. सोरालेनचा रेणू चपटा असतो, तो डीएनएच्या दोन पायऱ्यांच्या मधे जाऊन बसतो. नुसता बसून फारसं काही करत नाही, पण ३२० ते ४०० नॅनोमीटरचा अतिनील-ए प्रकाश पडला की थायमिनला चिकटतो आणि डीएनएच्या दोन्ही धाग्यांना एकमेकांशी बांधून टाकतो. याच गुणाचा उपयोग त्वचारोगात डॉक्टर मोजूनमापून करतात. प्रयोगशाळेत मोजमाप नसतं. मी एकदा हातमोज्यांशिवाय बी कुटलं, हात धुतले असं मला वाटलं, आणि दुपारी उन्हात फिरून आले. दुसऱ्या दिवशी उजव्या हाताच्या अंगठ्यापासून मनगटापर्यंत लाल पट्टा उठला, त्यावर फोड आले, आणि ते गेल्यावर काळा डाग कितीतरी महिने राहिला. म्हणून नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्यांचा कोट, आणि काम संपल्यावर उन्हात जाण्याआधी साबणाने हात.

आता बी. आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर एकबीजी शेंगेसकट असतं. शेंगेचं टरफल बीला इतकं घट्ट चिकटलेलं असतं की सुटं होत नाही. मूत्रपिंडासारखा आकार, तीन-चार मिलिमीटर लांबी, काळपट रंग, आणि भिंगाखाली धरलं तर पृष्ठभागावर बारीक खळगे. चुरडल्यावर उग्र वास येतो, तो एकदा घेतला की विसरत नाही. तरीही वासावर विसंबू नका. वनस्पतिशास्त्राच्या माणसाकडून ओळख पटवून घ्या, नमुना जपून ठेवा आणि त्याचा क्रमांक वहीत लिहा. जुन्या पुस्तकांत नाव सोरालिया कोरिलिफोलिया असेल, नव्या वर्गीकरणात क्युलेन कोरिलिफोलियम. वनस्पती एकच.

बी सावलीत वाळवा. उन्हात का नाही, हे आता सांगायला नको. दळताना मिक्सर सलग फिरवला तर भांडं तापतं, तेल सुटतं आणि भुकटीचा लगदा होऊन तळाला बसतो. दहा-दहा सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांडं हलवायचं. चाळून घेतलेली ५० ग्रॅम भुकटी एका प्रयोगाला पुरते.

अर्क दोन टप्प्यांत काढा आणि दोन्ही ठेवा. आधी ५०० मिली हेक्झेन, झाकणाच्या काचेच्या बाटलीत, शेकरवर ४८ तास. ज्या टेबलावर बर्नर पेटतो त्या टेबलाच्या आसपासही हेक्झेन नको. आमच्या विषयातल्या माणसाला ज्योतीची इतकी सवय असते की ती पेटलेली आहे हेच लक्षात राहत नाही. व्हॉटमन नंबर एक गाळणकागदातून गाळा, रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशाला द्रावक उडवा. खाली जे दाट, पिवळसर-तपकिरी तेल उरेल, त्यात बाकुचिऑल आहे. चोथा फ्यूम हूडमध्ये पसरून हेक्झेनचा वास पूर्ण जाईपर्यंत वाळू द्या आणि मग त्याच भुकटीवर ५०० मिली इथेनॉल, पुन्हा ४८ तास. यात सोरालेन, अँजेलिसिन आणि बव्हाचिनिन, आयसोबव्हाचाल्कोन यांसारखी फ्लॅव्होनॉइड गटातली मंडळी येतात. त्यांतलीही काही जंतूंना जाच करतात, त्यामुळे हा अर्क दुय्यम समजू नका.

रिकामा फ्लास्क आधी तोलून ठेवला असेल तरच उतारा कळतो. ५० ग्रॅममधून समजा ६ ग्रॅम निघाला तर १२ टक्के. हा आकडा दर वेळी लिहा. एखाद्या खेपेला तो अचानक वाढला तर अर्क जास्त निघाला म्हणून खूश होऊ नका, द्रावक उडालेलं नसतं. तेलात अडकलेलं हेक्झेन जंतू मारतं आणि त्याचं श्रेय बावचीला जातं. वजन दोनदा सारखं येईपर्यंत व्हॅक्यूमवर ठेवा, मग गडद बाटलीत, फॉइल गुंडाळून ४ अंशाला.

जंतूंकडे जाण्याआधी एक टीएलसी लावाच, म्हणजे पट्टीवर द्रावक चढवून अर्कातले घटक ठिपक्यांत वेगळे करा. सिलिका जेल ६० एफ२५४ ची पट्टी, हेक्झेन आणि इथिल अॅसिटेट चारास एक. २५४ नॅनोमीटरखाली बाकुचिऑल हिरव्या पार्श्वभूमीवर काळपट ठिपका म्हणून दिसतं, ते वर धावतं. दिवा ३६५ वर नेला की खाली, सुरुवातीच्या रेषेकडे, निळे ठिपके चमकू लागतात. ती सोरालेनची बाजू. हेक्झेनच्या अर्कात वरचा ठिपका ठसठशीत आणि इथेनॉलच्या अर्कात खालचे निळे उठून दिसले की टप्पे नीट वेगळे झाले. मात्र, तो ठिपका बाकुचिऑलच आहे असं लिहायचं असेल तर शेजारी शुद्ध बाकुचिऑल लावलेलं पाहिजे. नाहीतर वहीत 'वरचा ठिपका' एवढंच लिहा.

बाकुचिऑल हे नाव आपल्याकडचंच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मेहता, नायक आणि सुख देव यांनी ते बावचीतून वेगळं केलं आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध केलं. एका टोकाला फिनॉल, दुसऱ्या टोकाला टर्पीनची शेपटी. या शेपटीमुळेच ते तेलकट आहे, आणि त्या तेलकटपणानेच पुढच्या प्रयोगात आपली पंचाईत होते.

पंचाईत अशी. सगळे जण आधी अगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, झोन काढतात: अर्काभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ. म्युलर-हिंटन अगर, ४ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे ९० मिलिमीटरच्या प्लेटीत साधारण २५ मिली. ताज्या कल्चरचं सलाइनमधलं द्रावण ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापाला जुळवायचं (६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३), पंधरा मिनिटांच्या आत स्वॅबने तीन दिशांनी फिरवायचं, ६ मिलिमीटरच्या बोररने भोकं पाडायची, प्रत्येकात ५० मायक्रोलिटर अर्क, आणि ३५ अंशाला १६ ते १८ तास. हे इतकं सोपं आहे की त्यावर शेकडो प्रोजेक्ट उभे राहतात. पण झोन म्हणजे अर्क किती जहाल आहे याचं माप नाही. अर्क अगरमध्ये किती लांब चालत गेला आणि तिथे पोचल्यावर किती उरला, या दोन्हींचं ते मिश्रण आहे. अगर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. तेलकट बाकुचिऑल भोकाच्या काठालाच बसून राहतं. बाहेर अरुंद कडी दिसते आणि विद्यार्थी लिहितो, 'हेक्झेन अर्काची क्रिया कमी'.

दुसरी गंमत तुलनेची. अर्काचं द्रावण १०० मिलिग्रॅम प्रति मिलीचं, भोकात ५० मायक्रोलिटर, म्हणजे ५ मिलिग्रॅम. शेजारी जेंटामायसिन या प्रतिजैविकाची चकती १० मायक्रोग्रॅमची. अर्क पाचशे पट जास्त ओतलाय, दोन्ही झोन सारखे आलेत, आणि निष्कर्ष काय, तर 'अर्क प्रतिजैविकाइतकाच प्रभावी'. हे वाक्य दिसलं की मी वही परत करते.

झोन काढाच, मी नको म्हणत नाही. कुठला अर्क कुठल्या जंतूवर पुढे न्यायचा एवढं ठरवायला तो पुरतो. फक्त द्रावकाचा कंट्रोल विसरू नका. अर्क ज्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवला तेच डीएमएसओ, तेवढंच, वेगळ्या भोकात. त्याभोवती झोन आला तर बाकीच्या भोकांबद्दल बोलण्यात अर्थ नाही. आणि अर्क गाळून निर्जंतुक करायचा असेल तर ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) घ्या. मी घाईत सेल्युलोज नायट्रेटचा लावला होता. सिरिंज दाबली, आधी जोर लागला, मग एकदम सैल झाली, आणि मला वाटलं काय सुरेख गाळलं जातंय. डीएमएसओने पडदाच विरघळवला होता.

खरा आकडा मिळतो तो द्रव माध्यमातल्या एमआयसीतून, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणाऱ्या सगळ्यात कमी मात्रेतून. ९६ वेलच्या (बारीक खड्ड्यांच्या) प्लेटीची एक ओळ म्हणजे बारा वेल. अर्काचं डीएमएसओतलं १०० मिलिग्रॅम प्रति मिलीचं द्रावण म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये पन्नास पट पातळ करा: २००० मायक्रोग्रॅम प्रति मिली झालं, डीएमएसओ २ टक्के. पहिल्या वेलमध्ये हे १०० मायक्रोलिटर, दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंत नुसता ब्रॉथ ५०. पहिल्यातून ५० उचला, दुसऱ्यात सोडा, पिपेटने चार-पाच वेळा वर-खाली करा, टिप बदला, ५० पुढच्यात. दहाव्यातून उचललेले ५० फेकून द्या. आता ०.५ मॅकफार्लंडचं द्रावण ब्रॉथमध्ये शंभर पट पातळ करून प्रत्येक वेलमध्ये ५० घाला. सगळं निम्मं होतं: पहिल्यात १०००, मग ५००, २५०, १२५, असं दहाव्यात १.९५ पर्यंत. जंतू प्रत्येकी मिलीला सुमारे ५ लाख. डीएमएसओ पहिल्या वेलमध्येही १ टक्क्याच्या वर जात नाही. अकरावी वेल जंतू आणि १ टक्का डीएमएसओची, बारावी नुसत्या ब्रॉथची. टिप बदलायचा कंटाळा करू नका. तेलकट अर्क टिपेच्या आतल्या भिंतीला चिकटतो आणि तीच टिप पुढे नेली की पाचव्या-सहाव्या वेलपर्यंत पहिल्या वेलचं तेल पोचतं. एमआयसी मग फारच छान येते.

पहिल्या दोन-तीन वेल ब्रॉथ घातल्या घातल्याच दुधाळ होतील. ती वाढ नाही, तेल पाण्यात फुटलंय. म्हणून डोळ्यांनी गढूळपणा बघून निकाल लावता येत नाही, रेझाझुरिन हा निळा रंग लागतो. ०.०१५ टक्क्याचं द्रावण, १६ ते २० तासांनंतर प्रत्येक वेलमध्ये ३० मायक्रोलिटर, आणि पुन्हा इनक्युबेटरमध्ये दोन ते चार तास. जिवंत जंतू निळ्याचं गुलाबी करतात. जिथे निळा टिकला ती सगळ्यात कमी मात्रा म्हणजे एमआयसी. यात एक खोच आहे. वनस्पतीच्या अर्कातले फिनॉल जंतूंच्या मदतीशिवायही रेझाझुरिनचा रंग पालटवू शकतात. त्यामुळे अर्काची हीच पूर्ण मालिका जंतूंशिवाय आणखी एका ओळीत लावा. ती ओळ गुलाबी झाली तर रंग बघणं सोडून सरळ प्लेटवर वाढ मोजा.

जंतू मेले की नुसते थांबले, हे बघायचं असेल तर रेझाझुरिन घालण्याच्या आधी वेलमधून १० मायक्रोलिटर उचलून साध्या अगरवर पसरा. मिलीला ५ लाखांपैकी ९९.९ टक्के मेले तर ५०० उरतात, म्हणजे १० मायक्रोलिटरमध्ये पाच. पाच किंवा त्याहून कमी वसाहती आल्या तर मारलं म्हणायचं.

जंतू कोणते? स्टॅफिलोकॉकस ऑरियस (एटीसीसी या जंतुसंग्रहातला २९२१३) आणि ई. कोलाय (एटीसीसी २५९२२) ही जोडी मी देते. प्रयोगशाळेत स्टॅफिलोकॉकस हाताळायची सोय नसेल तर बॅसिलस सबटिलिस. घरच्या स्वयंपाकघरात यातलं काहीच नको. ई. कोलायवर बऱ्याचदा काहीच मिळत नाही आणि मुलं हिरमुसतात. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक पडदा असतो, तो तेलकट रेणूंना आत येऊ देत नाही, आणि जे शिरतात त्यांना बाहेर फेकणारे पंप असतात. 'काही मिळालं नाही' हाही निकालच, तो लिहा. कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आली तर पुढे जाण्यासारखं आहे असं या क्षेत्रात साधारण मानतात. ताडून बघायला एक आकडा: शुद्ध बाकुचिऑल तोंडातल्या जंतूंवर, दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससकट, १ ते ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलीला चालल्याचं २००१ मध्ये प्रसिद्ध झालंय. कच्च्या अर्कात ते इतर दहा गोष्टींबरोबर असतं, तेव्हा तुमचा आकडा त्याहून मोठा येणार.

आता उजेड. माझ्या एका जुन्या वहीत एकाच इथेनॉल अर्काचे, एकाच जंतूवरचे दोन निकाल आहेत आणि त्यांचा मेळ बसत नाही. सोमवारचा चांगला, गुरुवारचा अगदीच यथातथा. अर्क तोच, कल्चर तेच, हात माझेच. बराच काळ मी दोष पिपेटला दिला. मग आठवलं की सोमवारी प्लेटा लावल्यावर इनक्युबेटर रिकामा नव्हता आणि त्या तासभर खिडकीपाशी थांबल्या होत्या. खिडकीची साधी काच अतिनील-बी बरंचसं अडवते, अतिनील-ए मात्र भरपूर आत येऊ देते, आणि सोरालेनला तेच हवं असतं.

तेव्हापासून बावचीच्या प्रत्येक अर्काच्या प्लेटा मी जोडीने लावते. एक ओतल्यापासून फॉइलमध्ये. दुसरी ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ठरावीक उंचीवर अर्धा तास, मग तीही फॉइलमध्ये. आणि प्रत्येक दिव्याखालच्या प्लेटीबरोबर अर्क नसलेली एक प्लेट, कारण दिवा स्वतःही जंतूंना त्रास देऊ शकतो. दिवा लावताना अतिनील अडवणारा चष्मा. अंधारात आणि उजेडात फरक पडला नाही तर काम सोरालेनचं नव्हे. उजेडातच झोन वाढला तर तुम्ही जे मोजलं ते प्रकाशाने जागं झालेलं विष, आणि तसंच लिहायला हवं.

शेवटचा प्रयोग माझा सगळ्यात आवडता, कारण त्यात अर्क स्वतःच बोट दाखवतो. टीएलसीच्या दोन सारख्या पट्ट्या चालवा. एक दिव्याखाली बघून ठिपक्यांवर पेन्सिलीने हलक्या खुणा करून ठेवा. दुसरीला या दिव्याखाली नेऊ नका. ती हूडमध्ये अंधारात पूर्ण वाळवा, नाकाला द्रावक येता कामा नये. ०.६ टक्के अगर घातलेला ब्रॉथ ४५ अंशापर्यंत निवू द्या, त्यात स्टॅफिलोकॉकस मिसळा आणि प्लेटीत ठेवलेल्या या पट्टीवर पातळ थर ओता. हे एका दमात झालं पाहिजे. थांबलात तर गाठी होतात, जोर केलात तर सिलिका उचकटते. माझ्या पहिल्या तीन पट्ट्या अशाच गेल्या. रात्रभर ३५ अंशाला, सकाळी वर एमटीटीचं पिवळं द्रावण फवारायचं, आणि अर्ध्या तासाने झाकण उघडायचं.

जिथे जंतू जिवंत आहेत तिथे पट्टी जांभळी होते. हेक्झेनच्या अर्काच्या रांगेत खालून वर जांभळंच जांभळं असतं आणि वर, पहिल्या पट्टीवर जिथे पेन्सिलीची खूण आहे नेमकं तिथे, नखाएवढा फिकट गोल उरतो. इथेनॉलच्या रांगेत मधे दोन-तीन पुसट गोल असतात आणि खाली, जिथे पहिल्या पट्टीवर निळं चमकलं होतं, तिथे जांभळं जवळपास तसंच. पट्टी रात्रभर अंधारात होती ना.

फोटो लगेच काढा, रंग दिवसभरात पसरतो. जंतू लागलेलं सगळं, प्लेटा, टिपा, पट्टी, १२१ अंशाला अर्धा तास ऑटोक्लेव्हमध्ये. मग तिसरी, जंतू न लावलेली पट्टी चालवा, फिकट गोलाच्या उंचीवरची सिलिका ब्लेडने खरवडा, थोड्या इथिल अॅसिटेटमध्ये घालून गाळा आणि ती चिमुकली व्हायल फॉइल गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा. मास स्पेक्ट्रोमीटरला जायचं ते तिनेच. लेबल पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई इथिल अॅसिटेटचा एक थेंब लागला की पुसली जाते, आणि मग फ्रीझरमध्ये सारख्या दिसणाऱ्या अकरा व्हायल उरतात. माझ्याकडे आहेत अजून.